गालावर हात ठेवून बसलेली बाई

मित्रांनो, माझ्या एका बाजूला राजा आहे आणि दुसऱ्या बाजूला एक बाई बसलेली आहे. राजाच्या डोक्यावर पानांचा मुकुट आहे. बाईच्या डोक्यावर काही नाही. मी रोमच्या टाकसाळीत पाडलेला चांदीचा दिनार. आता फार म्हातारा झालो आहे. माझी कड झिजली आहे, राजाचं नाक सपाट झालं आहे, आणि भोवतीची अक्षरं अर्धीमुर्धीच वाचता येतात. तरी मला जे आठवतं ते तुम्हाला सांगतो. फक्त एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. चांदीला सुखदुःख फारसं कळत नाही. ती उन्हात तापते आणि सावलीत गार होते, एवढंच. म्हणून माझ्या सांगण्यात कुठे ओलावा कमी वाटला तर रागावू नका.

माझी चांदी दाकिया देशातून आली. तो देश मोठ्या नदीच्या पलीकडे, डोंगरात होता. आमच्या सम्राटाने तो जिंकला आणि तिथलं सोनं, चांदी, घोडे, माणसं असं सगळं गाड्या भरभरून आणलं. टाकसाळीत चांदीची भांडी आणि दागिने भट्टीत टाकले. मी त्याआधी कुणाच्या हातातलं कडं होतो की कुणाचा पेला होतो, हे मला आठवत नाही. वितळल्यावर आधीचं काही शिल्लक राहत नाही.

त्या विजयाची नाणी पाडायची होती. ठसे कोरणारा एक ग्रीक कारागीर होता. त्याचं आणि टाकसाळीच्या मुख्याचं जे बोलणं झालं, ते पुढे कितीतरी दिवस तिथले कामकरी नक्कल करून एकमेकांना ऐकवत.

"या बाजूला सम्राट," मुख्य म्हणाला, "आणि त्या बाजूला हरलेला देश. देश म्हणजे बाई. शत्रूच्या हत्यारांचा ढीग कर आणि त्याखाली तिला बसव. रडणारी पाहिजे."

"साहेब, बाई सगळी मिळून मुगाच्या दाण्याएवढी होणार. तिचे अश्रू कुठे कोरू?"

"मला काय विचारतोस? रडते आहे हे कळलं पाहिजे."

"मग तिचा हात गालावर ठेवतो. लोक काय ते समजून घेतील."

"ठेव. पण सम्राटाच्या गालाला हात लावू नकोस. मागच्या वेळी तू त्यांना फार म्हातारं केलं होतंस."

असं ते ठरलं. मग एके दिवशी मला, म्हणजे चांदीच्या एका साध्या चकतीला, तापवून चिमट्याने खालच्या ठशावर ठेवलं. वरचा ठसा टेकवला आणि घण बसला. एकाच घावात राजा आणि बाई दोघंही माझ्या अंगावर उमटली. तेव्हापासून ती दोघं पाठीला पाठ लावून आहेत.

विजयाच्या सोहळ्यात सैनिकांना नाणी वाटली. मी अप्रोनियस नावाच्या सैनिकाच्या ओंजळीत पडलो. तो स्वतः त्या लढाईत होता. बाकीची नाणी त्याने दारूत आणि जुगारात उडवली, पण मला मात्र ठेवलं. माझ्यासाठी त्याने कातड्याची छोटी पिशवी शिवून घेतली आणि ती गळ्यात अडकवली. त्याची नोकरी संपली तेव्हा त्याला आफ्रिकेत जमीन मिळाली. समुद्रकिनाऱ्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी, निवृत्त सैनिकांसाठी एक नवं गाव वसवलं होतं. सरळ रस्ते, मधोमध चौक आणि चौकात सम्राटाचा पुतळा. त्या गावात आम्ही राहायला गेलो.

आम्ही म्हणजे मी, अप्रोनियस आणि बेंदिना. बेंदिना ही दाकियाची. लढाई संपल्यावर लुटीची वाटणी झाली, त्यात ती अप्रोनियसच्या वाट्याला आली. "एक खोगीर आणि एक बाई," तो सांगायचा. "खोगीर फाटलं. बाई अजून चालतेय." जहाजातून येताना ती मडक्यांच्या रांगेत, दोरीच्या वेटोळ्यावर बसून होती. समुद्र तिने आधी कधीच पाहिला नव्हता. सगळी वाट ती पायाखालच्या फळीकडे बघत आली.

मित्रांनो, माझ्या कौतुकाचे दिवस ते हेच. अप्रोनियसने घराच्या अंगणातल्या भिंतीवर लढाईतली हत्यारं टांगली होती. त्यात एक गोल ढाल होती, पुढून कोयत्यासारखी वाकलेली एक तलवार होती आणि फाटकं निशाणही होतं. पाहुणे जेवायला आले की तो आधी भिंत दाखवायचा आणि मग मला पिशवीतून काढायचा. मी हातोहात फिरायचो. राजाला बघून लोक मान हलवायचे. बाईला बघून हसायचे. कुणीतरी डाळ वाढणाऱ्या बेंदिनाकडे बघून हमखास म्हणायचं, "अगं, ही तर तुझी बहीणच की!"

"होय धनी," बेंदिना म्हणायची आणि पुढच्या ताटाकडे वळायची.

ती नेहमी "होय धनी" एवढंच म्हणायची. दळण दळ म्हटलं तरी तेच, लवकर ऊठ म्हटलं तरी तेच. रागावल्याचं, हसल्याचं किंवा दुखलं-खुपल्याचं तिच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. एकदा उकळतं पाणी तिच्या पायावर सांडलं. तिने पायाकडे पाहिलं, फडकं ओलं करून बांधलं आणि उरलेलं पाणी पुन्हा चुलीवर ठेवलं. गावातल्या बाया तिला वेडसर समजत. वेडी नव्हती ती. तिचं काम कधी चुकत नसे.

तिला एक मुलगी झाली. बाप अप्रोनियसच होता. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण तो कधी तसं बोलला नाही. कायद्याने बटकीची मुलगी बटीकच. तिचं नाव दोनाता ठेवलं. मोठी बडबडी पोर. गल्लीतल्या मुलांत खेळून ती रोमची आणि तिथल्या लोकांची अशा दोन्ही बोल्या शिकली. आईची भाषा मात्र तिला येत नव्हती, कारण आई ती भाषा बोलतच नसे. कधीकधी अप्रोनियस झोपला की ती माझी पिशवी उघडायची, मला तळहातावर घेऊन आईला विचारायची, "आई, ही कोण गं?"

"कुणी नाही," बेंदिना म्हणायची. "ठेव ते."

दोनाता डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालण्याएवढी मोठी झाली, त्या उन्हाळ्यात नामफामो नावाचा तेलाचा व्यापारी किनाऱ्यावरून आमच्याकडे उतरला. त्याने घागर घेऊन येणाऱ्या पोरीला पाहिलं. त्याच्या बायकोला हाताखाली अशीच एक चलाख मुलगी हवी होती. बोलणं झालं आणि संपलंही. अप्रोनियस स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. मी त्याच्या गळ्यात होतो.

"उद्या सकाळी नामफामो शेठ पोरीला घेऊन जातील," तो म्हणाला. "तिचं डोकं जरा धुऊन ठेव. बरी दिसायला पाहिजे."

बेंदिना पीठ मळत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"होय धनी," ती म्हणाली.

मग तिने पाणी तापवलं, दोनाताला अंगणात बसवलं आणि राखेच्या पाण्याने तिचं डोकं धुतलं. दोनाता रडून रडून बोलत होती. "मी नाही जाणार. आई, तू सांग ना त्यांना. तू काहीच का बोलत नाहीस? आई!" बेंदिना एका हाताने पाणी ओतत राहिली आणि दुसऱ्या हाताने केस चोळत राहिली. "डोळे मीट," एवढंच ती म्हणाली. "राख जाईल डोळ्यांत."

ऊन कलल्यावर अंगणात पंगत बसली. नामफामो होता, शेजारचे दोघे-तिघे होते आणि दास्सियस होता. दास्सियस हा अप्रोनियसचा जुना सोबती. दोघं एकाच तुकडीत लढले होते. दास्सियसचा एक डोळा गेलेला होता आणि तो फार कमी बोलायचा. त्या दिवशी डाळ होती, सातूच्या भाकरी होत्या, गोगलगायी होत्या, अंजिरं होती, आणि दारू नेहमीपेक्षा घट्ट होती, कारण अप्रोनियस खुशीत होता. त्याने मला बाहेर काढलं. मी फिरत फिरत नामफामोकडे गेलो.

"ही बाई रडते आहे वाटतं?" नामफामो म्हणाला.

"रडते म्हणजे! अख्खा देश रडतो आहे."

"मग तुझी ही का रडत नाही रे?" नामफामोने हनुवटीने बेंदिनाकडे दाखवलं. "उद्या पोर चालली हिची. मी आजवर कितीतरी पोरं नेली. बाया रस्ता डोक्यावर घेतात, खेचराची शेपटी धरतात. आणि ही बघ, डाळ वाढतेय!"

"ही?" अप्रोनियस हसला. "मी आणल्यापासून हिला रडताना बघितलेली नाही. दगड आहे नुसता. विचारा या दास्सियसला."

दास्सियस अंजीर सोलत राहिला.

"फटके दे की. रडेल."

"फटके कशाला, शेठ? मी तुम्हाला त्याहून चांगली गंमत दाखवतो." अप्रोनियसने पेला खाली ठेवला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "बेंदिना, इकडे ये. ते भांडं ठेव. त्या ढालीखाली जाऊन बस. खाली जमिनीवर. हां. आता या नाण्यावरच्या बाईसारखं हुबेहूब करून दाखव. दाखवलंस, तर तुझी पोरगी कुठे जाणार नाही. मी तिला आजच मोकळी करतो. ऐकताय ना रे सगळे? तुम्ही साक्षीदार!"

"अरे, अरे, माझा सौदा झालाय!" नामफामो म्हणाला.

"गप्प बसा हो शेठ. ती कुठे रडणार आहे?"

बेंदिनाने हात पदराला पुसले. भिंतीशी गेली आणि ढाल-तलवारीखाली बसली. गुडघे जवळ घेतले. एक हात गालावर ठेवला. तिला ते कुणी शिकवावं लागलं नाही. इतकी वर्षं मी तिच्या डोळ्यांसमोरून फिरत होतो.

मग सगळे वाट बघत बसले. स्वयंपाकघराच्या दारात दोनाता उभी होती. तिचे केस अजून ओले होते आणि तिच्या खांद्यांवर पाणी ठिबकत होतं. अंजिरांवर माश्या बसत होत्या. कुणीतरी म्हणालं, "चल, कर सुरू." कुणीतरी म्हणालं, "कांदा आणा रे एखादा!" त्यावर मोठं हसणं झालं.

बेंदिनाचे ओठ हलले. तिने ते एका बाजूला ओढून पाहिले, मग दुसऱ्या. छातीत श्वास भरला आणि सोडला. पुन्हा भरला. डोळे ताणले आणि मिटले. उघडले तेव्हा ते कोरडेच होते. पोर जाणार होती आणि तिला थांबवायला फक्त थोडं पाणी हवं होतं. ते येत नव्हतं.

हळूहळू हसणं थांबलं. त्यात गंमत राहिली नव्हती.

"झालं," अप्रोनियस म्हणाला. "ऊठ. डाळ करपेल."

"थांब," दास्सियस म्हणाला.

मी तेव्हा त्याच्या हातात होतो. त्याने मला आपल्या चांगल्या डोळ्याजवळ नेलं, उन्हाकडे धरलं आणि बराच वेळ बघितलं. "तू काय म्हणालास मघाशी?" त्याने विचारलं.

"काय म्हणालो?"

"या नाण्यावरच्या बाईसारखं हुबेहूब, म्हणालास. रडून दाखव असं नाही म्हणालास."

"एकच झालं ते."

"एकच कसं? बघ की. हिच्या डोळ्यांत पाणी कुठे आहे? तोंड तरी वेडंवाकडं झालंय का? ही नुसती बसलीय. आणि तीही तशीच बसलीय."

मी पुन्हा हातोहात फिरलो. प्रत्येकाने मला उन्हाकडे धरलं. नामफामोने तर नखाने त्या बाईचा गाल खरवडून पाहिला. "पाणी काही दिसत नाही खरं," तो म्हणाला, आणि मग आपण काय बोलून गेलो हे त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे, एवढ्याशा नाण्यावर कसं दिसणार?"

"लेका दास्सियस," अप्रोनियस म्हणाला, "माझ्याच घरची डाळ खातोस आणि माझ्यावरच उलटतोस?"

"मी तिथे होतो, अप्रोनियस. तूही होतास." दास्सियसचा आवाज चढला नव्हता. "नदीकाठी त्या बायांना बसवून ठेवलं होतं, आठवतं? माझा तिथे पहारा होता. मला वाटलं, आता रडतील, मग रडतील. एकही रडली नाही. सगळ्या अशाच बसल्या होत्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला झोप तरी लागली असती." त्याने पेला पुढे केला. "ओत अजून थोडी."

कुणीच ओतली नाही. अप्रोनियस भिंतीकडे बघत राहिला. बेंदिना उठली नव्हती, कारण तिला ऊठ म्हणून सांगून मग थांब म्हटलेलं होतं. शेजारी एकमेकांकडे बघू लागले. जुन्या सैनिकांच्या गावात चारचौघांत दिलेला शब्द मागे घेता येत नसे. घेतला असता तर दुसऱ्या दिवशी चौकात त्याला तोंड दाखवता आलं नसतं.

"ठीक आहे," शेवटी तो म्हणाला. "पोरगी मोकळी. ऐकलंत ना सगळ्यांनी? मोकळी." मग त्याने मला दास्सियसच्या हातातून ओढून घेतलं आणि दोनाताच्या पायाशी फेकलं. "आणि हे पण घेऊन जा. मला जेवताना ही बाई पुन्हा दिसायला नको."

"मग मी खेचर रिकामंच नेऊ का?" नामफामो म्हणाला.

बेंदिना उठली, धूळ झटकली आणि आत गेली. डाळ खरोखरच बुडाला लागली होती. तिने वरची डाळ दुसऱ्या भांड्यात काढली. दोनाताने मागून जाऊन तिला मिठी मारली, तेव्हा तिच्या एका हातात पळी होती. तिने ती बाजूला ठेवली नाही. दुसरा हात मात्र पोरीच्या ओल्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

त्यानंतर मला कुणी मिरवलं नाही. दोनाता मोठी झाली आणि तिने मातीचे दिवे करणाऱ्या एका कुंभाराशी लग्न केलं. तिच्या घरात फळीवर एक तडकलेला दिवा होता. मी त्यात पडून असायचो. एकदाही तिने मला बाजारात नेलं नाही. बेंदिना अप्रोनियसच्या घरीच होती. पोर सुटली होती, आई सुटली नव्हती. दोनाता सणावाराला जाऊन तिला भेटत असे. पुढे बेंदिनाचे गुडघे गेले, घागर उचलेनाशी झाली, तेव्हा अप्रोनियसने निरोप पाठवला, "आईला घेऊन जा तुझ्या. इथे नुसती खाते."

ती आली आणि ओले दिवे वाळत ठेवायचे त्या भिंतीशी तिने आपली जागा केली. दिव्यांच्या कडेची जास्तीची माती ती बोटाने पुसून काढायची. ते काम तिला जमत होतं. एकदा दोघी अशाच बसल्या असताना दोनाताने विचारलं, "आई, त्या दिवशी तू का रडली नाहीस?"

बेंदिनाने हातातला दिवा पुरा केला. "मला आठवेना," ती म्हणाली.

"काय आठवेना?"

"कसं रडतात ते. तोंड कसं करायचं, श्वास कसा घ्यायचा. आधी यायचं मला. तुझ्यासाठी फार आठवून पाहिलं. नाही आठवलं."

दोनाताने पुढचा दिवा आईच्या हातात दिला.

त्या हिवाळ्यात डोंगरावर बर्फ पडलं. बेंदिनाने दार उघडं ठेवायला लावलं आणि दिवसभर ती त्याकडे बघत बसली. दोनाताने विचारलं, "तुमच्याकडे पडायचं का गं असं?" ती म्हणाली, "पडायचं." तिच्या देशाबद्दल ती बोलली ते एवढंच. बर्फ वितळायच्या आत ती गेली.

आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या तोंडात नाणं ठेवतात. मेल्यावर एक नदी ओलांडावी लागते, तिथल्या नावाड्याला द्यायला. दोनाताने फळीवरचा दिवा उतरवला आणि मला काढलं.

शेजारीण म्हणाली, "अगं, चांदीचं कशाला वाया घालवतेस? तांब्याचं चालतं त्याला."

"हेच तिचं आहे," दोनाता म्हणाली.

"पण त्यांच्याकडे असतो का गं नावाडी? त्या लोकांचं काही वेगळं असेल."

"मला काय माहीत?" दोनाता म्हणाली. "तिने कधी सांगितलं का काही?" तिने मला पदराला पुसलं आणि आईच्या तोंडात ठेवलं. मग खाली वाकून तिच्या कानाशी म्हणाली, "लागलं तर दे, आई. नाही लागलं तर राहू दे तुझ्याजवळ."

ते लागलं नाही. नावाडी आला असेल तर त्याने मला मागितलं नाही. मी तिच्याजवळच राहिलो. आधी ओल होती, मग माती होती, मग ऑलिव्हची मुळं आली आणि गेली. वर राज्यं बदलली म्हणतात. मला काही जाणवलं नाही.

मग माणसं आली. त्यांनी बारीक ब्रशने माती झाडली आणि मला उचललं. आता मी एका संग्रहालयात, काचेच्या पेटीत, निळ्या मखमलीवर आहे. राजाची बाजू वर आहे. पेटीवर राजाचं नाव लिहिलं आहे, तो कधी गादीवर बसला आणि कधी मेला तेही लिहिलं आहे. शाळेतली मुलं येतात, राजाला बघतात आणि पुढच्या पेटीकडे जातात. बाईची बाजू मखमलीला लागून आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्याने शेवटी तुम्हाला जुन्या वस्तू जपायला सांगायचं असतं. मला घासूनपुसून चकचकीत करू नका, माझ्यावर हात फिरवू नका, हे खरंच. पण माझी काळजी घेणारे पुष्कळ आहेत. पेटीत हवा किती कोरडी हवी हेसुद्धा ते बघतात. याच इमारतीच्या तळघरात, लाकडी खोक्यात, मी जिच्या तोंडात सापडलो तिची हाडं ठेवलेली आहेत. खोक्यावर एक आकडा आहे आणि पुढे लिहिलं आहे, "स्त्री, वृद्ध, अनामिक." तुमच्यापैकी कुणी कधी तिथे गेलंच, तर तिथल्या माणसाला एवढं सांगा, की ते अनामिक खोडा. तिचं नाव बेंदिना होतं.